गल्लीत पंचशीला नको झाली

माझं नाव पंचशीला. भाईंदर पूर्वेला खारी गावाच्या मागच्या अंगाला आमची बैठी चाळ होती. आता तिथं बिल्डिंगा झाल्यात, शोधायला जाऊ नका. त्या एका गल्लीत आम्ही तिघी पंचशीला होतो, लग्नं झाली तरी तिथंच राहिलेल्या. थोरली पंचशीला, नळावरची पंचशीला आणि मधली मी. ‘अगं पंचशीला, दूध उतू चाललंय’ असं कुणी बाहेरून ओरडलं की तीन घरांतल्या तिघी स्टोव्हकडे पळायच्या आणि दोघी शिव्या घालत परत यायच्या.

तिघींची नावं एकाच बाईनं ठेवलेली. वैजयंता सोनकांबळे. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. मला ती आवडायची का? अजिबात नाही. तिच्यासमोर भात उतरवला तर तो कच्चा असायचा, पोराला स्वेटर घातला तर पोर उकडून मरायला आलेलं असायचं. नवऱ्यानं एकदा हात उचलला म्हणून ही नांदेडहून थेट बापाकडे निघून आली, सासरचं आडनाव तिकडेच टाकून आली आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाही. हे तिनं केलं ते झकास केलं. पण त्यानंतर जगातल्या प्रत्येक माणसाशी ती तशीच बोलायची, जणू काही तोच तो नवरा.

बाप सहादेव मिठागरात राबून गेला. धाकटा भाऊ समाधान तेव्हा शाळेत होता. त्याला आक्कानं वाढवलं. स्टेशन रोडला एका शेठचं भांड्यांचं दुकान होतं, तिथं ती भांड्यांवर नावं घालायची. ते विजेचं पेन असतं ना, करकर वाजणारं, ते. भाईंदरला स्टीलचे कारखाने गल्लोगल्ली, त्यामुळे भांड्याला तोटा नाही आणि नाव घातल्याशिवाय आपली माणसं भांडं घरात घेत नाहीत. लग्नाचा हंडा, वास्तुशांतीचं ताट, कुणाच्या आठवणीचा तांब्या, सगळं आक्काच्या हाताखालून जायचं. अक्षर मात्र सुरेख होतं, ते नाकबूल करता येत नाही.

आता बारशाचं सांगते. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण आमच्या गल्लीतले सगळे नांदेड-परभणीकडून आलेले, नाहीतर कोकणातून. बाळाच्या आत्या गावाकडे, कुणाचं पोर लहान, कुणाची सासू आजारी. मग पाळण्यापाशी उभं कोण राहणार? आक्का. त्रिशरण-पंचशील म्हणून झालं, मेणबत्त्या लागल्या, की ही पदर खोचून पुढं व्हायची, पाळण्यावर वाकायची, कानात कुर्र करायची. मुलगी असली की नाव ठरलेलं. आत्ताच तर सगळ्यांनी पंचशील म्हटलंय, तेच लेकराला देते, असं म्हणायची. मग बाया रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत हलके हलके धपाटे घालायच्या आणि ही हसायची. वर्षातून तेवढ्या वेळाच ती हसताना दिसायची.

आमच्या आया तेव्हा खूश होत्या. हे मात्र समजून घ्यायला पाहिजे. माझ्या आजीचं नाव कचराबाई. तिच्या बहिणीचं दगडी. गावानं ठेवलेली नावं ती, कुणी आवडीनं थोडीच ठेवली. धम्म घेतल्यावर पहिल्यांदा आमच्या माणसांनी आपल्या मनानं आपल्या पोरींना नावं दिली. पंचशीला म्हणताना माझ्या बापाचा आवाज वर चढायचा, शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असा. म्हणून तर एका गल्लीत आम्ही तिघी झालो. नाव कुणी कुणाचं चोरलं नव्हतं, प्रत्येकीला तेच हवं होतं.

आणि मग ते कुणालाच नको झालं.

नक्की कधी, सांगता येणार नाही. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला गल्लीत टीव्ही आले, पोरं इंग्लिश मीडियमला जायला लागली, आणि बारशाला नावं ऐकू यायला लागली पूजा, स्वीटी, प्रियांका. नळावरच्या पंचशीलाला मुलगी झाली. तिनं आक्काला बारशाचं बोलावणं दिलं, पण जेवायला. पाळण्यापाशी उभी राहायला गावाहून तिची नणंद आणली होती, आणि त्या बिचारीनं नाव घरून पाठ करून आणलेलं. डिंपल. आक्का जेवली नाही. पानावरून उठली, हात धुतला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “डिंपल म्हणजे काय गं? गालाला पडतं ते भोक ना? लेकराचं नाव भोक ठेवलंय का तुम्ही?”

ती मुलगी आता चांगली नर्स आहे, आणि तिची आई मरेपर्यंत आक्काशी एक शब्द बोलली नाही.

मला दोन्ही मुलगे झाले म्हणून मी वाचले. नाहीतर मीही तिला जेवायलाच बोलावलं असतं की काय, मला माहीत नाही.

दुकानात तर रोजचंच झालं. बारशाच्या वाट्या, चमचे, दुधाचे पेले यायचे आणि चिठ्ठीवर नाव असायचं नेहा. पुन्हा नेहा. गुजराती आली तरी नेहा, यूपीवाला आला तरी नेहा, मीरा रोडच्या नया नगरहून मुसलमान बाई आली तरी नेहा. शेठ गंमत करायचा, “वैजयंताबाई, आप तो नेहा का छापा बनवा लो.” आक्का पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघायची. मग तो गल्ल्याकडे वळायचा. घरी येऊन मला म्हणायची, “मधले, आज दिवसभर तेच तेच. हाताला चीड यायलीय.” मी म्हणायचे, नाव कुणाचं का असेना, तुम्हाला काय करायचंय. तर माझ्यावरच उखडायची.

अठ्ठ्याऐंशी साली समाधानचं लग्न झालं. मुलगी मृणालिनी, मूळची चिपळूणकडची, वाढलेली वरळीला. अंधेरीच्या एका कंपनीत टायपिस्ट. देखणी, नीटनेटकी, आणि बोलणं असं की आपल्या तोंडातलं मराठी आपल्यालाच गावठी वाटायला लागावं. गल्लीत आल्या दिवसापासून तिनं नाकाला रुमाल लावला होता असं मी म्हणत नाही, पण मनातून तो होताच. मला पहिल्यांदा भेटली तेव्हा म्हणाली, “पंचशीला? बाई गं, किती जणींचं हेच नाव.” मी म्हटलं, तुमचं एकटीचंच आहे, सांभाळून ठेवा. तिथून आमचं जमलं नाही ते नाहीच.

पण तिचंही एक होतं, ते सांगून टाकते. लग्नानंतर दोघं चाळीतच दुसऱ्या खोलीत राहायची आणि मीरा रोडला भाड्याची जागा शोधत होती. एका रविवारी आक्काच्या घरी ती सांगत बसली, मी डाळ निवडत तिथंच होते. एक मालकीणबाई दाखवायला आली, खिडक्या दाखवल्या, कपाट दाखवलं, मृणालिनी नाव किती गोड आहे म्हणाली, चहा टाकला. मग आडनाव विचारलं. सोनकांबळे म्हटल्यावर म्हणाली, अरेच्चा, मी विसरलेच, माझा भाचा येणार आहे राहायला. टाकलेला चहा गॅसवरच राहिला.

“मृणालिनी म्हटलं की लोक खुर्ची पुढे करतात,” ती म्हणाली, “आणि आडनाव सांगितलं की पाणी विचारायचं विसरतात. निदान नाव तरी असं असावं की दोन मिनिटं माणसासारखं वागवतील. माझ्या मुलीचं नाव मी असंच ठेवणार, ज्यावरून कुणाला काही म्हणजे काही कळणार नाही.”

आक्का म्हणाली, “आडनावाची एवढी अडचण व्हायलीय तर नवरा बदल की.”

समाधान खाली मान घालून बसला होता. बहिणीनं वाढवलेला आणि बायकोला भिणारा पुरुष, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची. तो उठून पान खायला गेला.

“आक्का, तुम्ही दुकानात काम करता,” मृणालिनी शांतपणे म्हणाली. “तुम्हाला ऑफिसात काय चालतं माहीत नाही.”

“मला एवढं माहिताय की मला कुणी खुर्ची पुढं केली न्हाई तर मी स्वतः ओढून घेते.”

यावर मृणालिनी उठून तिच्या खोलीत गेली. मी डाळ सुपासकट उचलून माझ्या घरी आले. दोघींचंही खरं होतं आणि दोघीही मला तेव्हा डोक्यात गेल्या.

एक्याण्णवच्या जानेवारीत तिला मुलगी झाली. झालं, आक्काच्या अंगात वारं शिरलं. आजवर ती उसनी आत्या होती, लोकांनी बोलावलं तर जायची. ही भावाची मुलगी, एकुलत्या एका भावाची. इथं तिला कुणी जेवायला बोलावून बाजूला बसवू शकत नव्हतं. गल्लीत सांगत सुटली, “आता बघा, आता पंचशीला येतीय.” थोरली पंचशीला तिला म्हणाली, आक्का, वहिनीला विचारलंत का? तर म्हणे, “आत्याला विचारायचं असतंय, आत्यानं विचारायचं नसतंय.”

समाधान तिला सांगायला आला. मी ओट्यावर होते, सगळं ऐकलं. म्हणाला, आक्का, मृणालनं नाव ठरवलंय, नेहा. पाळण्यात तूच ठेव, मान तुझाच, पण नेहा म्हण. आणि वाटायच्या वाट्या तुझ्या दुकानातूनच घेऊ, त्यांच्यावर पण तेच नाव घाल. आक्कानं त्याला दोन भाकऱ्या वाढल्या, ठेचा वाढला. ती गप्प बसली म्हणजे कबूल झाली असं तो समजला. पन्नाशीला आलेली बहीण गप्प बसली तर काहीतरी शिजतंय एवढं त्या येड्याला कळू नये.

बारसं समाजमंदिरात होतं. मृणालिनीच्या ऑफिसातली माणसं आली होती, साहेब आले होते, दोन-तीन मॅडम होत्या पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या. मृणालिनीनं मोतिया रंगाची साडी नेसली होती. वंदना झाली. पाळणा सजवलेला. आक्का पदर खोचून पुढं आली, वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “पंचशीला समाधान सोनकांबळे.”

बायांच्या हातांना सवयच. नाव ऐकलं की धपाटे. आम्ही सगळ्या तिच्या पाठीत हलके धपाटे घालायला लागलो. तेवढ्यात मृणालिनीची आई पुढं झाली, अहो, बोलण्यात चुकलं त्यांचं, नेहा, नेहा नाव आहे. हसत हसत म्हणाली बिचारी, सांभाळून घ्यायला बघत होती.

“चुकलं न्हाई,” आक्का म्हणाली. “वाट्या बघा की.”

वाट्या बुंदीच्या लाडवासकट, आक्कानंच भरलेल्या पिशव्यांतून, वाटून झाल्या होत्या. सगळ्यांनी पिशव्या उघडल्या. प्रत्येक वाटीवर पंचशीला. सुरेख अक्षरात, खाली तारीख, आणि तारखेखाली बारीक वेलबुट्टी, तीही फुकटची. ऑफिसच्या साहेबांनी वाटी चष्म्याजवळ धरून वाचली आणि शेजारच्या मॅडमला विचारलं, नेहा म्हणाल्या होत्या ना?

मृणालिनी खुर्चीतून उठली. बाळंतीण बाई ती, चेहरा पांढराफटक पडलेला. ती बायांच्या घोळक्यात शिरली आणि तिनं आक्काच्या पाठीत धपाटा घातला. रिवाजाचा नव्हे. असा की पुढच्या रांगेतलं पोर दचकून रडायला लागलं. आक्का एक पाऊल पुढं गेली आणि पाळण्याची दोरी धरून सावरली.

आक्कानं मागं वळून पाहिलं. म्हणाली, “मार. नाव पडलंय आता. स्टीलवरचं पुसत नसतंय.”

आणि निघून गेली. जेवली नाही, हे सांगायला नको.

इथपर्यंत मी आक्काचीच चूक म्हणते. आईनं नको म्हटलेलं नाव लेकराच्या कपाळी मारायचं, तेही चोरून, हा कुठला मान. पण दुसऱ्या दिवशी मृणालिनीनं जे केलं, ते आमच्या गल्लीनं तिला कधी माफ केलं नाही. ती आणि तिची आई दारोदार वाट्या परत मागत फिरल्या. दिलेली वस्तू. बारशाची. बरं, नुसत्या परत मागत नव्हत्या, बदल्यात नेहा नावाच्या दुसऱ्या देऊ म्हणत होत्या. मोठी पिशवी घेऊन आईनं उभं राहायचं आणि मुलीनं प्रत्येक दारात तेच सांगायचं, वाटीवर चुकीचं नाव पडलंय.

माझ्या दारात आल्या. म्हटलं, “चुकीचं? मृणालिनीबाई, वाटीवर माझं नाव आहे. माझ्या नावाची वाटी मी का देऊ?”

“पंचशीलाताई, समजून घ्या ना.”

“समजलं. तुम्हाला लाज कशाची वाटतेय ते समजलं. पण ते नाव लावून मी या गल्लीत पंचवीस वर्षं जगतेय, आणि माझं काही अडलेलं नाही.”

तिचे डोळे भरून आले. आले तर येऊ देत. थोरलीनं दिली नाही, नळावरचीनंही दिली नाही, आणि ती तर आक्काशी बोलतही नव्हती. म्हणाली, डिंपलची आई असले तरी मी पंचशीलाच आहे. बाकीच्यांनी कुणी दिल्या, कुणी नाही. जमल्या तेवढ्या घेऊन मायलेकी गेल्या, मोडीत घातल्या म्हणे.

महिन्याभरात समाधाननं चाळ सोडली. मीरा रोडला मृणालिनीच्या भावाच्या ओळखीनं जागा मिळाली होती. जाताना मृणालिनीनं एकच सांगितलं, आक्कांनी आमच्या दारात पाय ठेवायचा नाही. समाधान दिवाळीला एकटा येऊन जायचा. एकदा मुलीचा फोटो घेऊन आला. आक्का म्हणाली, नाव काय हिचं? तो म्हणाला, आक्का, कशाला पुन्हा. ती म्हणाली, फोटो ठेव तिथं आणि जा.

फोटो ठेवून घेतला. समाधानशी नीट बोलायची का, तर नाही. मी एकदा म्हटलं, चार शब्द नरमाईचे बोला, नेहा म्हणा, काय बिघडतंय, पोर तरी बघायला मिळेल. म्हणाली, “दिवसभर लोकांच्या वाट्यांवर तेच म्हणायलेय. घरी यिऊन पण म्हणू का?” कसली ती बाई. भिंतीवर डोकं आपटावं तसं. पण संध्याकाळी दुकानातून आली की शेजारच्या कुणाचं लहान पोर मांडीवर घेऊन बसायची आणि त्याला खेळवताना नाव घ्यायचीच नाही. पोरा, पोरी, एवढंच. कुणाच्याच पोरांची नावं तिनं नंतर घेतली नाहीत. रागानं नव्हे, तिला पाठच होईनात म्हणायची. खोटं बोलायची. मला कळत होतं आणि वाईटही वाटत होतं, पण तिला ते सांगायची सोय नव्हती.

पंच्याण्णवला मुलगी शाळेत गेली. इंग्लिश मीडियम, मीरा रोडलाच. मृणालिनी सकाळी लवकर निघायची, पोचवायला-आणायला तिची आई होती. पावसाळ्यात आई घसरून पडली, कंबर धरली, आणि मुलगा तिला वरळीला घेऊन गेला. आता दुपारी मुलीला आणणार कोण? शेजारी गुजराती, शेजारी मद्रासी, सगळे कामावर. पाळणाघरवालीनं शाळेतून आणणार नाही म्हणून सांगितलं. दोन-तीन दिवस समाधाननं सुट्टी काढली आणि मग निमूटपणे आक्काकडे आला.

“येईन,” आक्का म्हणाली. “पण मी नेहा म्हणणार न्हाई.”

“नको म्हणू. तू ये फक्त.”

मला बरोबर चल म्हणाली. इंग्लिश शाळेच्या वॉचमनशी बोलायला तिला मी हवी होते, जशी काही मी मोठी मॅट्रिक. चांगली साडी नेसली होती, केसांना तेल. चार वर्षांत भाचीला तिनं फोटोतच पाहिलेली.

गेटवर मृणालिनी उभी होती. नव्या माणसाला मूल द्यायचं तर आईनं येऊन दाखवायला लागतं, म्हणून अर्धा दिवस रजा टाकून आली होती. आम्हाला बघून मान हलवली, बास. आक्कानं तीही हलवली नाही. आजूबाजूला आयांची गर्दी, छत्र्या, रेनकोट. वॉचमनला मृणालिनी म्हणाली, “भैया, ये नेहा को लेने आयेंगी कल से. ज्युनियर के.जी.”

“कौनसी नेहा, मॅडम?”

“नेहा एस.”

“एस भी दो है.” त्यानं आत वळून आयाबाईला हाक मारली. “मौसी, ज्युनियरवाली नेहा को भेजो.”

आतून एकदम चार मुली पळत आल्या. खरंच सांगते, चार. चौघींच्या दोन-दोन वेण्या, चौघींचे तेच निळे फ्रॉक. आयाबाई मागून धावत आली आणि वॉचमनवर खेकसली, “कितनी बार बोला, नेहा मत बोल. टीचर भी नहीं बोलती. नाम से नहीं, सरनेम से बुला.” मग मृणालिनीकडे वळली. “आप किसकी मम्मी?”

मृणालिनीनं आजूबाजूला पाहिलं. सगळ्या आया तिच्याकडेच बघत होत्या, काही वाईट नजरेनं नव्हे, आपलं मूल यायची वाट बघत माणूस बघतो तशा. तिला ते आडनाव तिथं, त्या बायांमध्ये, स्वतःच्या तोंडानं म्हणवेना. मी तिच्या शेजारीच होते. तिनं पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

तेवढ्यात चौघींतली एक पुढं आली. “ही माझी मम्मी.”

“अरे, सोनकांबळे की मम्मी,” आयाबाई खूश होऊन म्हणाली. “सोनकांबळे, चल, बॅग ले के आ.” आणि बाजूच्या दोन-चार पोरीही ओरडल्या, “सोनकांबळे, तेरी मम्मी आयी.” पोरांना ते नाव फार आवडत असणार, लांबलचक, ठसक्याचं. त्यांनी ते दोनदा-तीनदा म्हटलं.

मुलगी बॅग ओढत आली. समाधानचं नाक, आक्काचे डोळे. मृणालिनीनं तिला खांद्याला धरून बाजूला घेतलं.

“तुझं नाव काय?” ती दबक्या आवाजात म्हणाली. “घरी काय शिकवलं होतं मी? नाव काय सांगायचं?”

“सोनकांबळे.”

“नेहा. तुझं नाव नेहा आहे.”

“नेहा ती गुप्ता आहे,” मुलगी म्हणाली, आईला समजावून सांगतात तसं. “ती पहिल्या बेंचवर बसते ना, म्हणून टीचर तिला नेहा म्हणते. मी सोनकांबळे.”

मृणालिनीचा हात वर गेला. मारायला की तोंडावर ठेवायला, देव जाणे. आक्का मध्ये आली. तिनं तो हात मनगटाशी धरला आणि खाली केला.

“तिच्यावर कशाला? नाव तिनं ठेवलेलं न्हाई. मीबी न्हाई ठेवलं.”

“हसा आता,” मृणालिनी म्हणाली. रडत होती, गेटवर, त्या सगळ्या बायांमध्ये. “चार वर्षं याचीच वाट बघत होतात ना. हसा की.”

मला वाटलं आता आक्का तिला सोलून काढणार. चार वर्षांचं साठलेलं, तोंडाचा पट्टा तिचा, आणि समोर माणूस आयता सापडलेला. मी तर ऐकायला तयारच होते. मला त्या क्षणीही मृणालिनीची दया आली नाही, दारात उभी राहून माझं नाव चुकीचं म्हणणारी बाई होती ती माझ्यासाठी.

आक्का हसली नाही. म्हणाली, “मला काय हसायचंय. तुला ते तोंडातून काढवंना, आणि लेकरू बघ कसं सांगायलंय. हिला लाज वाटत न्हाई. तू शिकवू नकोस.”

मग तिनं मुलीची बॅग आपल्या खांद्याला अडकवली. मुलीनं तिच्याकडे वर बघून विचारलं, तू कोण? आक्का म्हणाली, तुझी आत्या. मुलीनं पुन्हा विचारलं, तू मला काय म्हणणार?

मला वाटलं, आक्का आता म्हणेल, त्या वाट्यांवरचं नाव. ते तिच्या ओठांवर आलं होतं, मी तिला जन्मापासून ओळखते, मला कळलंच. तिनं ते गिळलं. मग गल्लीत बाप मोठ्यानं नावं घ्यायचे तशा आवाजात, सगळ्या छत्र्या वळतील असं, म्हणाली, “चल गं, सोनकांबळे.”

पोरगी टुणकन उडी मारून तिच्यापुढं निघाली. मी त्यांच्या मागं रिक्षा बघायला गेले. वळून पाहिलं तर मृणालिनी अजून गेटपाशीच होती, आणि आयाबाई तिला विचारत होती, मॅडम, कल से यही आयेंगी ना सोनकांबळे को लेने? मृणालिनीनं होय म्हणून मान हलवली.